सेवानच्या काठी, उलट्या पावलांनी

डोळ्यांच्या दवाखान्यात एक मशीन असतं. त्यात हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा आणि समोरच्या पांढऱ्या घुमटात कुठेही उजेडाचा बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी त्या मशीनला फसवायला गेले. ठिपके दिसेनात, म्हणून अंदाजाने, थोड्या थोड्या वेळाने टक टक बटण दाबत राहिले. डॉक्टरीणबाई मल्याळी, बोलायला गोड पण पक्की. रिपोर्ट बघून म्हणाली, "मॅडम, लाईट नहीं था तब भी आपने बटन दबाया." कान गरम झाले माझे. पण कबूल केलं का? छे! "आपका मशीन पुराना होगा," असं तिलाच ऐकवलं. असा माझा स्वभाव. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही.

तिने शांतपणे सांगितलं. काचबिंदू दोन्ही डोळ्यांत आहे, डाव्यात फार पुढे गेला आहे. हा आजार नजर कडेकडेने खात येतो, मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखता येईल, पण त्यासाठी लवकर ऑपरेशन करायला हवं. मी "इन्शाल्ला, बघू" म्हणून उठले. इथे दुबईत आपण सगळेच जे टाळायचं असतं त्याला इन्शाल्ला म्हणतो. रिपोर्टची चार घड्यांची पुडी केली आणि पर्सच्या तळाशी, जपमाळेच्या डबीखाली घातली. तिथे ती आठ महिने होती. तिने लिहून दिलेले डोळ्यांचे थेंब आठवण आली तर घालायचे, नाहीतर नाही.

आता हे लपवायचं कारण काय, असं कुणी विचारेल. मी दुबईतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर आहे. वसईहून आले तेव्हा संडास घासण्यापासून सुरुवात केली, आज चार मजले माझ्या हाताखाली आहेत. चोवीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलं. मुली खोली आवरून जातात, मग मी जाते, आणि माझ्या सहीशिवाय ती खोली पाहुण्याला मिळत नाही. बेसिनमधला एक केस, आरशावरचा एक थेंब, पडद्यामागची एक बाटली माझ्या नजरेतून सुटत नाही अशी माझी ख्याती. मुली मला मागून 'सीसीटीव्ही' म्हणतात हे मला माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आता अशा बाईने कुठल्या तोंडाने सांगायचं की मला डावीकडचं दिसत नाही? नजर हीच माझी नोकरी. नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की खलास.

नवरा रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात, आठवड्याला एकदा घरी येणार. त्याच्यापासून लपवणं सोपं होतं. मुलगी जेनी बर दुबईच्या आमच्या घरातच असते, पण तिची नोकरी नवी, कानात सतत ते इयरफोन. नडगीवरचे काळेनिळे डाग बघून तिने एकदा विचारलं, तर म्हटलं, ट्रॉली लागली. खरंच ट्रॉलीच लागली होती, तेवढं खोटं नव्हतं.

पण एक गोष्ट मला आजही टोचते. एका पाहुण्याने तक्रार केली की खोलीत डाव्या कोपऱ्यात आधीच्या माणसाचा ओला टॉवेल पडला होता. ती खोली मीच तपासली होती, सही माझीच होती. मॅनेजरसमोर मी काय केलं? सरिता नावाची नवी नेपाळी मुलगी आहे, तिला सगळ्यांदेखत झापलं. "माझी सही झाल्यावर हिने टॉवेल टाकला असेल," म्हणाले. पोरगी रडली. त्या दिवसापासून मी देवाशी नीट बोलेनाशी झाले. चर्चमध्ये मिस्साला जात होते, सुट्टी शुक्रवारी असायची तेव्हा शुक्रवारच्या, आता रविवारच्या, ती कधी चुकवली नाही. पण गुडघे टेकले की मनात एकच, इतकी वर्षं तुझं आल्तार, तुझी वेदी, मी आदल्या दिवशी जाऊन पुसते, आणि तू माझेच डोळे घेतोस? रुसलेच होते मी त्याच्यावर. आणि आपलं चुकलं असताना रुसलेलं माणूस फार वाईट असतं.

जेनीने पहिल्या पगारातून ईदच्या सुट्टीत आर्मेनियाची टूर ठरवली. दुबईचे सगळे हल्ली तिथेच जातात, इथला रेसिडन्स असला की व्हिसाची कटकट नाही. मी म्हटलं, अगं, वेलंकनीला मातेच्या दर्शनाला जाऊ, तिथे निदान जेवण तरी कळतं. "मम्मा, प्लीज. जस्ट कम विथ मी," एवढंच म्हणाली. दुबई आणि वसई सोडून मी जगात काही पाहिलं नव्हतं. माझ्या पोरीने मला आपल्या कमाईतून विमानात बसवलं, या अभिमानाने मी होकार दिला. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना सांगून झालं. पर्समध्ये मोठ्या जावेने वसईहून पाठवलेली सुकेळी घेतली. केळी वाळवून पानात बांधलेली ती पुडकी असली की परमुलखात उपाशी मरायची भीती नाही.

आर्मेनियात पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बसने आम्हाला सेवानच्या तळ्यावर नेलं. तळं म्हणतात, पण पलीकडचा काठ नीट दिसेना, माझ्या डोळ्यांमुळे नव्हे, खरंच एवढं मोठं. पाण्यात घुसलेल्या टेकडीवर काळ्या दगडाची दोन देवळं, आम्ही वसईकर चर्चला देऊळच म्हणतो. गाइड मुलीने सांगितलं की हजार वर्षांहून जुना मठ आहे, पूर्वी हे बेट होतं, मग तळ्याचं पाणी उतरलं आणि जमिनीला जोडलं गेलं. बसमध्ये आमच्याशिवाय रत्नागिरीकडचं एक मुसलमान कुटुंब होतं. त्यांच्यातल्या हमीदाआपा माझ्याच वयाच्या, आमची मराठीत लगेच गट्टी जमली. "किती पायऱ्या गं या! देव काय खाली राहत नाही का?" असं म्हणत त्या खालीच एका बाकावर बसल्या. मला म्हणाल्या, "तुझ्या देवाला माझा सलाम सांग." मी म्हटलं, सांगते, पण आमचं सध्या बोलणं नाही. त्या हसल्या. त्यांना ते गमतीचं वाटलं.

पायऱ्यांना धड कठडा नव्हता. वारा असा की ओढणी हातातून सुटत होती. जेनीने हात पुढे केला तर मी झटकला, "तू फोटो काढ, मी जाते माझी माझी." पायऱ्या दगडी, सगळ्या एका रंगाच्या, कडा कळेना. मी पायाने चाचपत, मान कोंबडीसारखी इकडेतिकडे वळवत चढले. वर पोचले तेव्हा छाती धडधडत होती आणि तरी मनात शाबासकी चालू होती, बघ, कुणाच्या मदतीशिवाय आले. देवळाबाहेर दगडात कोरलेले क्रूस उभे होते, जाळीदार, जणू दगडावर क्रोशाचं काम. आमच्या गावात वाटेवर क्रूस असतात, दर मे महिन्यात चुना लावून त्यांच्यासमोर आम्ही प्रार्थना म्हणतो. माझे बाबा स्वतः चुना लावायचे. एका दगडावर हात ठेवला आणि एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं. 

आत अंधार होता. लहानसं देऊळ, भिंती काळ्या, एका उंच खिडकीतून पट्टाभर उजेड. आल्तारापुढे लोखंडी ट्रे, त्यात वाळू आणि पाणी, आणि वाळूत खोचलेल्या बारीक पिवळ्या मेणबत्त्या. मीही तीन घेतल्या होत्या. एक नवऱ्यासाठी, एक जेनीसाठी, आणि एक, म्हटलं तर माझ्यासाठी, म्हटलं तर शेवटचं विचारून बघायला. पण ट्रेसमोर उभी राहिले आणि माझ्यातली सुपरवायझर जागी झाली. काय तो पसारा! काही वाकलेल्या, काही विझून मेणाचे गोळे झालेले, जळक्या वाती पाण्यात तरंगतायत. प्रार्थना राहिली बाजूला, मी माझ्या मेणबत्त्या बगलेत धरल्या आणि आवरायला लागले. विझलेल्या थोटक्या उपटून एका कडेला, वाकलेल्या सरळ. चोवीस वर्षांची सवय, हात आपोआप चालतात. हॉटेलात मी जसा एका फटक्यात टेबलाचा कोपरा साफ करते तसा हात डावीकडे फिरवला.

मागून एक बाई ओरडली. काय ओरडली ते कळलं नाही, पण कळायला भाषा लागत नाही. माझ्या डाव्या हाताखाली एक ताजी, उंच, नुकती लावलेली मेणबत्ती मोडून पाण्यात पडली होती. माझ्या बाहीला मेण लागलं होतं, बोटाला चटका बसला होता, आणि तरी ज्योत मला दिसलीच नव्हती.

एक म्हातारी पुढे आली. डोक्याला काळा रुमाल, हातात काठी नाही, पण पाय फाकून चालणारी, आमच्याकडच्या शेतात राबलेल्या बायकांसारखी. गाइड मुलगी आणि जेनी दोघी धावत आल्या. गाइडने इंग्रजीतून सांगितलं, ही मेणबत्ती आजीने आपल्या नवऱ्यासाठी लावली होती. आमच्या गावात क्रूसापुढची बत्ती वाऱ्याने विझली तरी जाणारा माणूस थांबून पेटवतो, आणि इथे मी कुणाच्या नवऱ्याची मेणबत्ती हाताने मोडली होती.  आणि जेनीकडे बघून तोंडातून काय बाहेर पडलं? "टेल हर, ऑलरेडी विझली होती." खोटं, देवाच्या घरात, आल्तारासमोर. टॉवेलच्या वेळी जीभ जशी वळली होती तशीच वळली.

म्हातारी भांडली नाही.  मग आणखी जवळ आली आणि माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, कानापाशी, तिने आपला हात वर केला आणि बोटं हलवली. हे मला नंतर जेनीने सांगितलं. मला दिसलं ते एवढंच, की म्हातारी समोर उभी आहे आणि तिचा उजवा खांदा जरा वर गेला आहे. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि ती काय करते आहे ते समोर उभ्या सगळ्यांना कळत होतं, फक्त मला नाही. मग जेनीचा आवाज आला, एकदम लहान मुलीसारखा.

"मम्मा, यू कान्ट सी दॅट?"

म्हातारी गाइडशी बोलली, गाइडने ते आम्हाला इंग्रजीतून सांगितलं. तिचा नवरा घरी असतो, पूर्ण आंधळा. त्याचंही असंच कडेकडेने गेलं होतं. त्यानेही कुणाला सांगितलं नाही, पायऱ्यांवर मान वळवत चालायचा, विचारलं की चिडायचा. या बाईला मी पायऱ्या चढताना पाहिलं तेव्हाच ओळखलं, असं ती म्हणाली. त्याच्या वेळी मला कळलं तेव्हा उशीर झाला होता, हिला विचारा, उशीर झालाय का?

माझी झाकली मूठ सव्वा लाखाची होती. ती परक्या देशात, परक्या देवळात, एका अनोळखी बाईने चार बोटं हलवून उघडली. मी पर्समधून जपमाळेची डबी काढली, तिच्याखालची पुडी काढली आणि जेनीच्या हातात दिली. कागद घड्यांवर फाटत आला होता. तिने वाचला. मला वाटलं आता चिडेल, ओरडेल. तिने फक्त "सिन्स व्हेन?" विचारलं आणि मी "आठ महिने" म्हटलं. मग मी रडले. नवरा पहिल्यांदा नोकरीवरून कमी झाला तेव्हा रडले नव्हते, बाबा गेले तेव्हा विमान मिळालं नाही म्हणून बाथरूममध्ये नळ सोडून रडले होते. असं लोकांसमोर, आवाज करून, कधीच नाही. "मीच विझवली," मी म्हटलं. "सांग तिला. मीच विझवली. मला दिसली नाही."

म्हातारीने मोडलेली मेणबत्ती पाण्यातून उचलली, रुमालाने पुसली आणि माझ्याच हातात दिली. तिला ती माझ्याकडूनच पेटवून घ्यायची होती. जेनीने माझं मनगट धरलं आणि पहिल्यांदा मी ते सोडवून घेतलं नाही. ओली वात पटकन धरेना, दोनदा चरचरली, मग लागली. तिच्याशेजारी माझ्या तीन. काय मागितलं मी? डोळे मागायचे म्हणून आले होते. खरं सांगते, ते विसरूनच गेले. एवढंच म्हटलं, देवा, मी मशीनलाही फसवलं, सरितालाही आणि तुलाही. आता तू बघ. मला दिसत नाही.

निघताना आणखी एक गोष्ट झाली. तिथले लोक देवळातून पाठ फिरवून बाहेर पडत नाहीत. आल्ताराकडे तोंड ठेवून, एक एक पाऊल मागे टाकत, दारापर्यंत जातात. म्हातारीही तशीच निघाली आणि तिने माझं कोपर धरलं. मी घाबरले. पुढचं धड दिसत नाही, मागे कशी जाऊ? मागे उंच दगडी उंबरा होता, मी येताना त्यालाच ठेचकाळले होते. पण तिच्या हाताला बळ होतं, तिला सवय होती, घरी रोज एका माणसाला तशी चालवत असणार. दुसऱ्या बाजूने जेनी. आयुष्यभर मी पुढे चालले, माझ्यामागे चार मजल्यांच्या मुली. आज समोर फक्त ते आल्तार आणि चार बारीक ज्योती होत्या, त्या मात्र मला अगदी स्वच्छ दिसत होत्या, कारण त्या बरोबर मधोमध होत्या. मागे काय आहे ते मला बघायचं नव्हतं. ते बघणारे दुसरे होते. उंबरा आला तेव्हा म्हातारीने कोपर किंचित वर उचललं, मी पाय उचलला, आणि आम्ही बाहेर उन्हात होतो.

पर्समधली सुकेळी मी तिला दिली. तिने वास घेतला, पान सोडलं, तिथल्या तिथे एक तुकडा खाल्ला आणि उरलेली रुमालात बांधली, नवऱ्यासाठी. मग माझ्या दोन्ही गालांवर हात ठेवून काहीतरी बोलली. गाइड तोवर बाकीच्यांना हाक मारत, "यल्ला यल्ला, बस" करत पुढे गेली होती. त्यामुळे ती काय बोलली ते मला आजतागायत माहीत नाही. तिचं नावही विचारायचं राहिलं. खाली हमीदाआपांनी माझे लाल डोळे बघितले आणि नुसतं विचारलं, "बोलणं सुरू झालं वाटतं?" मी मान हलवली.

दुबईला उतरल्यावर दुसऱ्याच सकाळी जेनी मला त्याच मल्याळी डॉक्टरीणबाईकडे घेऊन गेली. या वेळी मशीनमध्ये दिसलं तेव्हाच बटण दाबलं. फार थोड्या वेळा दाबलं. पंधरा दिवसांत ऑपरेशन झालं. उजवा डोळा वाचला आहे, डाव्याचं मधलं राहिलं आहे. अजून थोडे महिने थांबला असतात तर हेही राहिलं नसतं, असं ती म्हणाली. डावीकडचं गेलं ते गेलंच. चमत्कार झाला का, असं मला विचारू नका. मला एवढंच माहीत आहे की मी ज्या दिवशी त्या पायऱ्या चढले त्याच दिवशी ती बाई नवऱ्यासाठी मेणबत्ती लावायला आली होती, आणि तिला माझी मान ओळखता आली.

कामावर रुजू झाले त्या सकाळी ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर सरिताला पुढे बोलावलं. पोरीला वाटलं पुन्हा काही चुकलं. मी म्हटलं, तो टॉवेल माझ्या नजरेतून सुटला होता, तुझी काही चूक नव्हती, माझी होती, आणि मी खोटं बोलले. मग डोळ्यांचं सांगितलं. मॅनेजर उभा होता, म्हटलं आता काढा मला. त्याने काढलं नाही. आता नव्या मुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. चादरीची सुरकुती नजरेने नव्हे, तळहाताने कशी शोधायची, फरशी ओली आहे की नाही ते पायाने कसं कळतं, हे मी त्यांना शिकवते. खोली तपासून सही आता सरिता करते. मी शिकवलेली आहे ती, तिच्या नजरेतून केससुद्धा सुटत नाही, हे मी भेटेल त्याला सांगते.

स्वतःच्या नजरेवर फार विसंबलं की आपल्याला धरायला कुणी हात पुढे केला आहे हे दिसत नाही, एवढंच मी सेवानला शिकले. त्या बाईच्या नवऱ्यासाठी मी दर रविवारी एक मेणबत्ती लावते. नाव माहीत नाही, म्हणून "सुकेळीवाल्या बाबांसाठी" असं म्हणते. देवाला कळत असणार.

आणि मराठी मिस्सा संपली की मी आमच्या दुबईच्या देवळातूनही उलट्या पावलांनीच बाहेर पडते. पहिल्या रविवारी बायका हसल्या. एक म्हणाली, "काय गं, देवाने घरी पाठवलं तरी तुझा पाय निघेना?" मी म्हटलं, नाहीच निघत. समोर आल्तार, पाठीवर माझ्या लेकीचा हात. सगळी गर्दी वळून, आमच्या बाजूने वाट काढत जाते, आणि आम्ही दोघी सावकाश, कुणाची घाई नाही. दाराशी आलो की ती कानाशी म्हणते, "स्टेप, मम्मा." मी न बघता पाय उचलते. चोवीस वर्षं चार मजल्यांवर मी मिरवत चालले, पण इतक्या ऐटीत कधी चालले नव्हते.